जोर नको, आरसा हवा

तोंड वाकडं झालेल्या माणसाला सल्ल्यांची कमतरता कधीच पडत नाही. फुगे फुगवा, च्युइंगगम चघळा, गालाला करंट लावून घ्या, जोरजोरात तोंडाचे व्यायाम करा, असं शेजारीपाजारी तर सांगतातच. कधी दवाखान्यातूनही हेच कानावर पडतं. चेहऱ्याच्या पुनर्वसनात आयुष्य घालवलेले फिजिओथेरपिस्ट मात्र सांगतात की चेहऱ्याला जबरदस्ती सोसत नाही.

चेहऱ्याचे हावभाव मेंदूतून निघणाऱ्या सातव्या मज्जातंतूच्या हाती असतात. कानाजवळच्या हाडातल्या अरुंद बोगद्यातून तो बाहेर येतो आणि सूज आली की तिथेच आवळला जातो. स्कॉटिश शल्यविशारद चार्ल्स बेल यांनी १८२१ मध्ये चेहऱ्याच्या मज्जातंतूंचा अभ्यास मांडला. नेमकं कारण न सापडता अचानक येणाऱ्या या लकव्याला त्यांच्यावरून बेल्स पाल्सी म्हणतात. डेन्मार्कमध्ये उपचार न घेतलेल्या रुग्णांचा दीर्घकाळ पाठपुरावा झाला, तेव्हा सुमारे ७१ टक्के लोक आपोआप पूर्ण बरे झालेले दिसले. पहिल्या ७२ तासांत स्टिरॉइड सुरू केलं तर हे प्रमाण आणखी वाढतं. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्कॉटलंडमधल्या चाचणीत नऊ महिन्यांनंतर स्टिरॉइड घेतलेले ९४ टक्के रुग्ण पूर्ण बरे होते, न घेतलेले ८२ टक्के.

पुनर्वसनाचा खरा प्रश्न उरलेल्यांचा आहे. इजा झालेला मज्जातंतू दिवसाला साधारण एक मिलिमीटर वाढतो, पण वाढताना त्याच्या शाखा भलत्याच स्नायूंना जाऊन मिळू शकतात. वायरमनने दिवाणखान्याच्या बटणाला स्वयंपाकघरातला दिवा जोडावा, तशी गत होते. काही महिन्यांनी माणूस हसतो तेव्हा डोळा मिटतो, डोळा मिटतो तेव्हा ओठाचा कोपरा ओढला जातो. काहींना जेवताना डोळ्यांतून पाणी येतं. या गोंधळाला सिनकायनेसिस म्हणतात. अशा वेळी जोर लावून केलेला व्यायाम चुकीच्या जोडण्याच पक्क्या करतो. च्युइंगगमचाही उपयोग नाही, कारण चघळण्याचे स्नायू पाचव्या मज्जातंतूवर चालतात आणि ते मुळात शाबूतच असतात. करंटच्या उपचाराबद्दल २०११ च्या कॉक्रन आढाव्याला फायद्याचा भक्कम पुरावा सापडला नाही.

मग करायचं काय? शांत बसून आरशासमोर अगदी छोट्या, सावकाश हालचाली करायच्या. हातापायांच्या स्नायूंत ताण मोजणारी सूक्ष्म यंत्रणा असते. चेहऱ्याच्या स्नायूंत ती जवळजवळ नसते. गाल किती हलला हे आतून नीट कळत नाही, म्हणून आरसा लागतो. आधी हलका मसाज करून आखडलेला गाल सैल करायचा. मग दोन्ही बाजू सारख्या हलतील एवढंच हसायचं. चांगली बाजू पुढे धावू लागली की थांबायचं. हसताना डोळा बारीक होत असेल, तर तो उघडा राहील इतपतच हसायचं. थोड्याच वेळा, पण मन लावून आणि रोज.

नेदरलँड्समध्ये १९८०च्या सुमारास कान-नाक-घसा तज्ज्ञ पीटर डेव्हरिझ आणि मूकाभिनेते यान ब्रोंक यांनी एकत्र येऊन माइम थेरपी उभी केली. स्नायू एकेकटा हलवण्याची मूकनटाची हातोटी रुग्णाला का शिकवू नये, हा त्यामागचा विचार. मसाज, शिथिलीकरण, नको त्या हालचालींना आवर आणि शेवटी राग, आनंद, आश्चर्य अशा भावनांचा सराव, असा तिचा क्रम आहे. नऊ महिन्यांहून अधिक काळ त्रास असलेल्या ५० जणांच्या चाचणीचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. तीन महिन्यांच्या थेरपीने चेहऱ्याचं संतुलन मोजणाऱ्या शंभर गुणांच्या सनीब्रूक मापावर सुमारे २० गुणांचा फरक पडला. म्हणजे उशीर झाला तरी दार बंद होत नाही.

सिनकायनेसिस फार असेल तर अतिउत्साही स्नायूंत बोटॉक्स देतात. तीन-चार महिने ते स्नायू सैल राहतात आणि तेवढ्यात नवी सवय लावता येते. मज्जातंतू कायमचा गेला असेल तर शस्त्रक्रियेचा मार्ग आहे. मांडीतला ग्रॅसिलिस स्नायू गालात बसवून तो चावण्याच्या मज्जातंतूला जोडतात. तेव्हा सुरुवातीला दात आवळल्याशिवाय हसू येत नाही. दात न आवळता हसायला शिकायचं, तेही आरशासमोरच.

तेव्हा तोंड वाकडं झालं की त्याच दिवशी डॉक्टर गाठा. कपाळाला आठ्या घालता येत असतील, हातापायांत शक्ती नसेल किंवा बोलणं अडखळत असेल, तर तो मेंदूचा झटका असू शकतो. थेट मोठ्या रुग्णालयात जा. डोळा मिटत नसेल तर दिवसा थेंब, रात्री मलम आणि पापणीवर पट्टी याबाबत डॉक्टरांना आवर्जून विचारा; कोरडा पडलेला डोळा कायमचा दुखावू शकतो. तीन महिन्यांनीही चेहरा पूर्ववत झाला नाही, तर चेहऱ्याच्या पुनर्वसनाचा अनुभव असलेला फिजिओथेरपिस्ट शोधा आणि फुगे मुलांना खेळायला देऊन टाका.