सोफा भिंतीपासून सुटतो तेव्हा

महाराष्ट्रातल्या बऱ्याच घरांत सोफा वर्षातून एकदाच हलतो, गणपतीला. मखरासाठी कोपरा हवा म्हणून टीव्ही सरकतो, दिवाण आतल्या खोलीत जातो, सेंटर टेबल गॅलरीत उभं राहतं. हॉल चार दिवस निराळाच दिसतो. दर्शनाला आलेली मंडळीही ‘मोठा वाटतोय हो’ असं म्हणून जातात. विसर्जन झालं की सगळं पुन्हा जिथल्या तिथे. फरशीवर पायांचे डाग पडलेले असतातच, त्यामुळे इंचाचीही चूक होत नाही.

पुढे कधीतरी हॉल कोंदट वाटायला लागतो आणि घरात नव्या सोफ्याची चर्चा सुरू होते. दुखणं बहुतेक वेळा मांडणीत असतं. जुना सोफा बिचारा उगाच बदनाम होतो.

आपल्या हॉलची मांडणी डोळे मिटून सांगता येते. एका भिंतीला सोफा, दुसरीला दिवाण, समोर टीव्ही, कोपऱ्यात शोकेस. सगळं भिंतीला चिकटलेलं. ही सवय लागण्यासारखीच परिस्थिती होती. मुंबईत १९२०च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. तिथेच स्वयंपाक, तिथेच जेवणाची पानं, मुलांचा अभ्यास आणि रात्री ओळीने गाद्या. मधली जमीन मोकळी ठेवल्याशिवाय दिवस पुढे सरकलाच नसता. नंतर फ्लॅट आले, थ्री-सीटर आले, झोपायला वेगळ्या खोल्या आल्या, पण सामान भिंतीलाच राहिलं.

भिंतीकडेच्या बैठकीने माणसांचं काय होतं, याचं एक जुनं उदाहरण कॅनडातलं आहे. १९५०च्या दशकात सस्कॅचेवान प्रांतातल्या एका रुग्णालयात वृद्धांचा वॉर्ड नव्याने रंगवून, नवं फर्निचर आणून छान सजवला होता. तरी तिथली माणसं गप्प बसून असायची. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट सॉमर यांनी पाहिलं, तर खुर्च्या भिंतीलगत रांगेने मांडलेल्या, खांद्याला खांदा लावून. शेजाऱ्याशी बोलायचं तर मान पूर्ण वळवावी लागे. त्यांनी चौकोनी टेबलं आणून खुर्च्या त्यांच्याभोवती लावल्या. सुरुवातीला हे कुणाला रुचलं नाही. पण काही आठवड्यांनी मोजदाद केली, तेव्हा गप्पा जवळजवळ दुपटीने वाढल्या होत्या. खुर्च्या त्याच, माणसंही तीच.

घरातल्या हॉलला हे कसं लागू करायचं? पुण्यातल्या टू-बीएचकेत नेहमी दिसणारा हॉल घेऊ: दहा फूट बाय पंधरा फूट, एका टोकाला मुख्य दार, दुसऱ्या टोकाला गॅलरी. सामान म्हणजे सात फुटी सोफा, दोन सिंगल खुर्च्या, सहा फुटी दिवाण, टीव्ही युनिट, काचेचं सेंटर टेबल. दहा फुटांच्या रुंदीत सोफ्याची खोली तीन फूट, टीव्ही युनिटची दीड. उरले साडेपाच. टेबल दोन फूट रुंद आणि सोफ्यापासून दीड फुटावर ठेवलं, तर पलीकडे चालायला दोनच फूट राहतात. कपड्यांची बादली घेऊन गॅलरीत जाणाऱ्या माणसाला किमान अडीच फूट लागतात. म्हणजे या हॉलमध्ये अडचण टेबलाची आहे. ते काढून सोफ्याच्या हाताशी दोन छोटे स्टूल ठेवले की चहाच्या कपांची सोय होते आणि टीव्हीच्या भिंतीलगत वाट मोकळी होते.

आता दिवाण. तो सोफ्याच्या सरळ रेषेत न ठेवता गॅलरीकडच्या टोकाला, सोफ्याशी काटकोनात लावावा, मात्र गॅलरीची वाट सोडून. सोफ्यावरचा आणि दिवाणावरचा माणूस मग मान न मोडता एकमेकांशी बोलतात. एक सिंगल खुर्ची दाराच्या बाजूला तिरकी ठेवली की घोळका पूर्ण होतो. दुसरी खुर्ची बेडरूममध्ये गेली तरी हॉलला तिची आठवण येत नाही.

एवढं ठरवायला कागद पुरतो. चौकटीच्या वहीत एक चौकोन म्हणजे अर्धा फूट धरून खोली काढायची, फर्निचरचे तुकडे कापून त्यावर फिरवायचे. त्याहून खात्रीचं म्हणजे जुनी वर्तमानपत्रं खऱ्या मापात जमिनीवर पसरायची आणि एक दिवस त्यांना वळसा घालून वावरायचं. कुठे पाय अडतो ते संध्याकाळपर्यंत कळतं. मग शोकेस रिकामी करायची, काचेच्या फळ्या काढायच्या, पायांखाली गोणपाट सरकवून ओढायची. भरलेली शोकेस ढकलणाऱ्यांची कंबर आणि फरशी दोन्ही धोक्यात येतात.

मांडणीला खोडा घालणाऱ्या दोन गोष्टी कागदावर बहुधा सुटतात. पहिला पंखा. मे महिन्यात सगळ्यांना पंख्याखालचीच जागा हवी असते, त्यामुळे बैठकीचा मध्य छताच्या हुकाखाली आला तर उत्तम. दुसरा इलेक्ट्रिकचा पॉइंट. कित्येक घरांत टीव्ही साडेपाच फुटांवर लटकतो, कारण इलेक्ट्रिशियनने पॉइंट तिथे काढलेला असतो. सोफ्यावर बसलेल्या माणसाची नजर जमिनीपासून साधारण साडेतीन फुटांवर असते आणि पडद्याचा मध्य तिच्या आसपास असावा. केसिंग-पट्टीतून वायर खाली आणण्याचा खर्च मानदुखीपेक्षा नक्कीच कमी.

सोफा भिंतीपासून तीन-चार इंच सोडायला कोकणात आणि मुंबईत आणखी एक कारण आहे. पावसाळ्यात बाहेरच्या भिंतीला ओल येते. चिकटून ठेवलेल्या लाकडाच्या पाठीवर बुरशी धरते आणि ती दिसते थेट दिवाळीच्या साफसफाईत. मधे हवा खेळली की हा त्रास बराच टळतो.

जुन्या सामानाची खरी पंचाईत असते ती त्याच्या बेमेळपणाची. सोफा वडिलांच्या वेळचा सागवानी, टीव्ही युनिट पांढऱ्या सनमायकाचं, दिवाण लग्नात आलेला. सगळं एकसारखं करण्याच्या नादात सागवानाला रंग फासणारे लोक आहेत. त्यांना थोपवायला हवं. सागवानाला पॉलिश पेपर मारून स्पिरिटमधल्या चपड्याचा हात दिला की ते पुन्हा उजळतं. बसकण खचली असेल तर फोम तेवढा बदलावा. सोफेवाला ‘बत्तीस की चाळीस डेन्सिटी’ विचारतो, तेव्हा तो एका घनमीटर फोमचं वजन किलोत विचारत असतो. रोज बसायच्या जागेला चाळीसचा फोम जास्त टिकतो.

मेळ कापडाने साधतो. सोफ्याची टेपेस्ट्री साधी, एकरंगी घ्यावी आणि एकच ठसठशीत रंग दोन-तीन ठिकाणी फिरवावा: गुळेदगुड्डच्या खणाचे उशांचे अभ्रे, त्याच रंगाचा पट्टा असलेली सोलापुरी चादर दिवाणावर, पडद्याला तशीच किनार. पडद्याचा रॉड चौकटीच्या सहा इंच वर लावला, तर खिडकी उंच भासते.

भिंतीवरच्या चित्रांचा मध्य पावणेपाच फुटांच्या आसपास असावा, म्हणजे उभ्या माणसाच्या नजरेला येतो. पूर्वजांचे फोटो मानाने छताजवळ, थोडे पुढे झुकवून लावायची पद्धत होती. ते खाली आणायचे तर घरातल्या मोठ्यांना आधी विचारावं, हे वेगळं सांगायला नको.

उजेडाचा बदल सगळ्यांत स्वस्त. पांढऱ्या ट्यूबच्या खोक्यावर बहुधा ६५०० के लिहिलेलं असतं. तो प्रकाश अभ्यासाला ठीक, पण त्यात सागवानही करडं दिसतं. दिवाणाजवळ २७०० केचा पिवळसर दिवा लावला, की रात्री ट्यूबची फारशी गरज पडत नाही.

झोपाळा असलेल्या घरात मात्र हा सगळा हिशोब त्याच्यापासून सुरू होतो. त्याच्या कड्या स्लॅबमध्ये असतात, त्या सरकत नाहीत. पुढे-मागे दोन-अडीच फूट झोक्याला सोडायचे, आणि उरलेल्या जागेत सोफ्याने काय ते जमवून घ्यायचं.