विश्लेषण : पब नाही, पॉनशॉप नाही, पोलीसही नाही! आयर्लंडमधील 'तीन प' नसलेले गाव वसवणारा लिनन उद्योजक कोण होता?

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बहुतेक गिरणीमालक शहराकडे धाव घेत होते. तिथे मजूर होते, बंदर होते आणि बाजारही होता. त्याच काळात आयर्लंडमधील एका लिनन व्यापाऱ्याने उलटी वाट धरली. त्याने आडगावात नदीकाठी गिरणी उभारली आणि गिरणीभोवती आखीव-रेखीव गाव वसवले. या गावात दारूचा गुत्ता, गहाणाचे दुकान आणि पोलीस चौकी नसेल, असे त्याने ठरवले होते. या उद्योजकाचे नाव जॉन ग्रब रिचर्डसन आणि गावाचे नाव बेसब्रुक. हा प्रयोग काय होता, तो का झाला आणि त्याचे पुढे काय झाले, ते पाहू या.

कोण होते जॉन ग्रब रिचर्डसन?

रिचर्डसन यांचा जन्म १८१३ मध्ये लिस्बर्न येथे झाला. बेलफास्टजवळचे हे शहर आज उत्तर आयर्लंडमध्ये आहे. घराणे लिनन व्यापारातले होते आणि वडील जेम्स निकोलसन रिचर्डसन यांचा या धंद्यात मोठा जम होता. आई ग्रब घराण्यातली, म्हणून मुलाच्या नावात 'ग्रब' आले.

घराण्याची दुसरी ओळख अधिक महत्त्वाची होती. ते क्वेकर होते. सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये उदयाला आलेला हा ख्रिस्ती पंथ. त्यांच्यात पाद्री नसतो. ते शपथ घेत नाहीत, युद्धात भाग घेत नाहीत आणि मानमरातबापासून दूर राहतात. इंग्लंड-आयर्लंडमध्ये ही मंडळी संख्येने थोडी होती, पण व्यापारात अग्रेसर होती. चॉकलेटसाठी प्रसिद्ध असलेले कॅडबरी कुटुंब हे त्यांतलेच. आपल्या पैशाने इतरांच्या आयुष्याचे काय होते, याचा जाब आपल्याला द्यावा लागेल, ही भावना या व्यापाऱ्यांमध्ये खोलवर रुजलेली होती. रिचर्डसन यांचे सगळे निर्णय याच चौकटीत समजून घ्यावे लागतात.

लिनन म्हणजे नेमके काय? त्याचा आपल्या जवसाशी काय संबंध?

लिनन ज्या झाडापासून बनते ते आपल्याला नवीन नाही. विदर्भात, मराठवाड्यात ज्याच्या बियांची चटणी होते आणि तेल काढतात, तेच हे जवस. वनस्पती एकच, फक्त वाण वेगळे. आपल्याकडे बियांसाठी फांद्या फुटणारे, बुटके वाण घेतात. आयर्लंडमध्ये धाग्यासाठी उंच, सरळ वाढणारे वाण लावत.

हे पीक कापत नाहीत, मुळासकट उपटतात. कारण देठाची जेवढी लांबी, तेवढा लांब धागा. उपटलेल्या पेंढ्या साचलेल्या पाण्यात आठवडा-दोन आठवडे कुजवल्या जातात. ताग कुजवताना येतो तसाच उग्र वास तिथेही येतो. मग देठ वाळवून झोडपायचे, काडीचा भाग वेगळा करायचा आणि उरलेले तंतू पोलादी दात्यांच्या फण्यांनी विंचरायचे.

पुढची पायरी सूतकताईची. १८२५ च्या सुमारास जेम्स के यांनी ओल्या कताईची पद्धत आणली. तंतू गरम पाण्यातून नेला की त्यातील चिकट द्रव्य मऊ होते आणि यंत्रावर बारीक सूत निघते. या एका शोधामुळे हाताने सूत कातणाऱ्या घराघरांतल्या बायकांचे काम गेले आणि मोठ्या गिरण्यांचे युग सुरू झाले.

पण याची किंमतही होती. ओल्या कताईच्या खात्यात कायम वाफ, उष्मा आणि पायाखाली पाणी. तिथे बहुतांश स्त्रिया आणि मुली अनवाणी उभ्या राहून काम करत. तंतू विंचरण्याच्या खात्यात धूळ इतकी असे, की फुप्फुसे कामातून जात. लिननची शुभ्र चादर ज्या हातांतून जायची, त्यांचे आयुष्य असे होते.

बेलफास्ट सोडून आडगाव का निवडले?

बेलफास्ट तेव्हा झपाट्याने वाढत होते. पुढे 'लिननोपोलिस' हे टोपणनाव मिळण्याइतका या शहराचा दबदबा झाला. गिरण्यांभोवती दाट वस्त्या, अपुरे पाणी, साथीचे रोग आणि कोपऱ्याकोपऱ्यावर दारूचे गुत्ते. मोठ्या शहरात गिरणी कामगारांची जबाबदारी घेण्याची आपल्याला मुळातच नावड होती, असे रिचर्डसन यांनी नंतर नमूद करून ठेवले. त्यांच्या डोळ्यांसमोर विल्यम पेन या क्वेकर नेत्याने अमेरिकेत वसवलेल्या पेनसिल्व्हेनियाचे उदाहरण होते.

१८४० च्या दशकाच्या मध्यावर रिचर्डसन कुटुंबाने आर्मा परगण्यात न्यूरी शहराजवळची एक जुनी मालमत्ता घेतली. ती निकोलसन या कुटुंबाची होती. त्या घरातील एलिझाबेथ म्हणजे 'बेस' आणि जवळून वाहणारा 'ब्रुक' म्हणजे ओढा, यांवरून बेसब्रुक हे नाव पडल्याचे सांगतात.

जागेची निवड व्यवहाराचीही होती. कॅमलॉ नदीचे पाणी यंत्रे फिरवायला उपयोगी होते. आसपास जवस पिकत होते. परिसरात हातमागावर विणणारी कुटुंबे होती. न्यूरीचे बंदरही जवळ होते. काळ मात्र भयंकर होता. १८४५ पासून बटाट्यावर रोग पडला आणि आयर्लंडमध्ये महादुष्काळ सुरू झाला. सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि तितकीच देश सोडून गेली. अशा वर्षांत नियमित पगार देणारी गिरणी उभी राहणे ही परिसरासाठी साधी गोष्ट नव्हती.

'तीन प' म्हणजे काय?

पब, पॉनशॉप आणि पोलीस. यामागचा तर्क साखळीसारखा होता. दारूचा गुत्ता असला की पगार तिथे जातो. पगार संपला की घरातील वस्तू गहाण पडतात. मग भांडणे, चोऱ्या होतात आणि पोलीस लागतात. त्यामुळे पहिला 'प' नसेल, तर उरलेल्या दोघांची गरजच पडणार नाही, असे रिचर्डसन यांना वाटत होते.

केवळ बंदी घालून ते थांबले नाहीत. गावातील घरे स्थानिक ग्रॅनाइट दगडाची आणि स्लेटच्या छपरांची होती. चार्लमॉन्ट स्क्वेअर आणि कॉलेज स्क्वेअर या चौकांत मध्ये मोकळे हिरवे मैदान आणि भोवती घरांच्या रांगा, अशी रचना होती. शाळा, दुकाने, वाचनालय यांची सोय झाली. आर्मा परगण्यात धर्मावरून जुने वैर होते. कडव्या प्रोटेस्टंटांची ऑरेंज ऑर्डर ही संघटना १७९५ मध्ये याच परगण्यात जन्मली होती. अशा ठिकाणी रिचर्डसन यांनी गिरणी आणि शाळा कॅथलिक व प्रोटेस्टंट दोघांसाठीही खुल्या ठेवल्या. गावात वेगवेगळ्या पंथांची प्रार्थनास्थळे उभी राहिली.

इंग्लंडमधील सॉल्टेअर ही प्रसिद्ध गिरणी वसाहत १८५० च्या दशकातील, तर कॅडबरींचे बोर्नव्हिल गाव १८९० च्या दशकातील. म्हणजे बेसब्रुक या दोन्हींच्या आधीचे.

जहाज कंपनी का सोडली?

रिचर्डसन यांच्या तत्त्वांची खरी परीक्षा गावाबाहेर झाली. रिचर्डसन बंधू विल्यम इनमन यांच्यासोबत जहाज व्यवसायात उतरले होते. १८५० मध्ये त्यांच्या 'सिटी ऑफ ग्लासगो' या वाफेच्या जहाजाने लिव्हरपूल-फिलाडेल्फिया वाहतूक सुरू केली. गरीब स्थलांतरितांना शिडाच्या जहाजांऐवजी वाफेच्या जहाजातून अमेरिकेला नेण्याचे काम या कंपनीने हाती घेतले.

१८५४ मध्ये दोन घटना घडल्या. 'सिटी ऑफ ग्लासगो' सुमारे ४८० जणांसह अटलांटिकमध्ये बेपत्ता झाले. त्याच वर्षी क्रिमियन युद्ध पेटले आणि कंपनीची जहाजे फ्रेंच सरकारला सैनिकांच्या वाहतुकीसाठी भाड्याने देण्याचे ठरले. युद्धाच्या पैशाला हात लावायचा नाही, म्हणून रिचर्डसन बाहेर पडले. इनमन यांची कंपनी पुढे अटलांटिकवरील बड्या कंपन्यांपैकी एक झाली. पुढे ग्लॅडस्टन यांच्या काळात देऊ केलेला बॅरोनेट हा किताबही रिचर्डसन यांनी नाकारला.

अमेरिकेतील युद्धाने मात्र लिननची भरभराट कशी झाली?

युद्धापासून दूर राहणे प्रत्येक वेळी इतके सोपे नव्हते. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध झाले. तिथला कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला. त्याचा फायदा दोन ठिकाणी झाला. मुंबईत कापसाचे भाव गगनाला भिडले आणि व्यापाऱ्यांच्या हाती अमाप पैसा आला. इकडे सुती कापड महागल्याने ग्राहक लिननकडे वळले आणि बेलफास्टच्या गिरण्या जोरात चालू लागल्या. युद्ध संपताच मुंबईत १८६५ मध्ये दिवाळे वाजले. लिननच्या धंद्यातही पुढे मंदी आली.

१८६३ मध्ये, या तेजीतच, रिचर्डसन यांनी बेसब्रुक पूर्णपणे स्वतःच्या ताब्यात घेतले. घराण्याच्या 'रिचर्डसन सन्स अँड ओडन' या पेढीचे भव्य गोदाम त्याच दशकात बेलफास्टच्या डोनेगल स्क्वेअरमध्ये बांधले गेले. ती देखणी दगडी इमारत पुढे 'मार्क्स अँड स्पेन्सर'चे दुकान झाली.

गावात विजेवर धावणारी ट्राम कशी आली?

कोळसा आणि जवस गिरणीपर्यंत आणायचे, तयार माल न्यूरीला न्यायचा, यात बैलगाड्या नव्हे, पण घोडागाड्यांवर मोठा खर्च होत होता. त्यावर उपाय म्हणून १८८५ मध्ये बेसब्रुक-न्यूरी ट्राम सुरू झाली. अंतर सुमारे पाच किलोमीटर. वाटेतील मिलव्हेल येथे नदीच्या पाण्यावर टर्बाइन फिरवून वीज तयार केली जाई. अभियंते होते एडवर्ड हॉपकिन्सन.

तिसऱ्या रुळातून गाडीला वीज मिळे. ट्राम जिथे रस्ता ओलांडे, तिथे उघड्या रुळातून वीज सोडणे धोक्याचे होते. म्हणून तेवढ्या टप्प्यात डोक्यावरून तार नेली होती. मालडब्यांची कल्पना तर आणखी चतुर होती. त्यांच्या चाकांना रेल्वेच्या चाकांसारखी कड नव्हती. त्यामुळे तोच डबा रुळांवरून उतरवून, घोडा जुंपून थेट रस्त्याने नेता येई. माल एका गाडीतून दुसऱ्या गाडीत भरण्याची मजुरी वाचली. ही ट्राम १९४८ पर्यंत धावली.

मालक चांगला असला, की प्रश्न संपतो?

इथेच बेसब्रुकची गोष्ट गुंतागुंतीची होते. १८५३ मध्ये दुसऱ्या विवाहानंतर रिचर्डसन यांचा मुक्काम पत्नी जेन मॅरियन वेकफिल्ड यांच्या माहेरच्या मोयॅलन या ठिकाणी हलला. गिलफर्डजवळ, बॅन नदीच्या खोऱ्यातले हे जुने क्वेकर ठाणे. बागा, शेती, प्रार्थनासभा आणि दारूबंदीचा प्रचार असे ग्रामीण जमीनदाराचे शांत आयुष्य ते तिथे जगले.

बेसब्रुकमध्ये मात्र घर गिरणीचे होते, दुकानाची जागा गिरणीची होती आणि नियमही गिरणीमालकाचे होते. नोकरी गेली, तर डोक्यावरचे छप्परही जाण्याची भीती. दारूबंदी करायची की नाही, हे गावाने नव्हे, एका माणसाने ठरवले होते. बेसब्रुकला भेट दिल्यावर जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनी गावाला टोला हाणला होता. इथे कुणी पीत नाही, शिव्या देत नाही. पण दोन्ही करायची इच्छा चेहऱ्यांवर दिसते, असा त्याचा आशय होता.

तरीही त्या काळातील पर्याय लक्षात घ्यायला हवा. अनेक गिरण्यांच्या मालकांनी कामगाराला घर, शाळा, स्वच्छ हवा यांपैकी काहीही दिले नव्हते. रिचर्डसन यांनी ते दिले, पण निर्णयाचा हक्क दिला नाही.

आज बेसब्रुकमध्ये काय उरले आहे?

रिचर्डसन यांचे निधन १८९० च्या दशकाच्या सुरुवातीला झाले. त्यांचा मुलगा जेम्स निकोलसन रिचर्डसन १८८० ते १८८५ या काळात ब्रिटिश संसदेत खासदार होता. गिरणी विसाव्या शतकातही चालली; पण बदललेली राहणी, स्वस्त सुती कापड आणि कृत्रिम धागे यांच्यापुढे लिनन मागे पडले. १९७२ मध्ये गिरणी बंद झाली.

त्यानंतर जे घडले, त्याची कल्पना संस्थापकाने कधीच केली नसती. उत्तर आयर्लंडमधील हिंसाचाराच्या काळात शांततावाद्याची ही गिरणी ब्रिटिश लष्कराचा तळ बनली आणि तिथून रात्रंदिवस हेलिकॉप्टर उडू लागली. ५ जानेवारी १९७६ रोजी ग्लेनॅनच्या कापड कारखान्यातून बेसब्रुककडे घरी परतणाऱ्या कामगारांची मिनीबस किंग्जमिल येथे अडवली गेली. बंदूकधाऱ्यांनी धर्म विचारला. एकमेव कॅथलिक कामगाराला निघून जायला सांगितले आणि उरलेल्यांवर गोळ्या झाडल्या. दहा प्रोटेस्टंट कामगार ठार झाले. ज्या गावाच्या शाळेत आणि गिरणीत दोन्ही पंथ एकत्र वावरावेत म्हणून धडपड झाली होती, त्याच गावाच्या वाट्याला हे दुःख आले.

२००७ मध्ये लष्कराने तळ सोडला. ग्रॅनाइटची घरे आजही उभी आहेत, त्यांत माणसे राहतात आणि चौकांतील हिरवळ तशीच आहे. दारू, सावकारी आणि पोलीस दूर ठेवता येतात, हे रिचर्डसन यांनी बऱ्याच काळासाठी करून दाखवले. गावाच्या वेशीबाहेरचे जुने वैर मात्र त्यांच्या नियमांना जुमानणारे नव्हते.