हजेरी आणि प्रकृति

नशिराबादेस आमच्या ओसरीवर सायंकाळीं चार मंडळी जमली कीं सातपुड्याचा विषय निघाल्यावांचून राहत नाहीं. यावलच्या अभयारण्यांत अथवा मुक्ताईनगर तालुक्यांतील डोलारखेड्याच्या रानांत वाघ दिसल्याची वार्ता येते, आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो: "किती आहेत?"

आम्हांस हा प्रश्न अपुरा वाटतो, व त्याचें कारण आमच्या जुन्या व्यवसायांत आहे. आम्ही शिक्षक असतां वर्गांत एक मुलगा होता. हजेरीपटांत त्याचा वर्षभर एकही खाडा नव्हता. परंतु तो झिजत चालला आहे हें त्यानें अंथरूण धरीपर्यंत आमच्या ध्यानीं आलें नाहीं. हजेरी म्हणजे प्रकृति नव्हे, हा धडा गुरूनें शिष्यापासून घेतला.

वाघांची गणना ही देखील हजेरीच होय. मग प्रकृति कशी पाहावी? रानांतल्या वाघाची नाडी कोण धरणार? आमच्या वैद्यकांतील अष्टविध परीक्षेंत नाडीबरोबर मलही सांगितला आहे. आधुनिक शास्त्रज्ञांनीं तोच मार्ग धरला आहे. भय किंवा त्रास झाला म्हणजे मूत्रपिंडांवरील ग्रंथि कॉर्टिसॉल नांवाचें द्रव्य रक्तांत सोडतात. त्यानें पळण्यास वा लढण्यास बळ येतें. परंतु त्रास नित्याचा झाला तर प्रजनन मंदावतें व रोगाशीं झुंजण्याची शक्ति क्षीण होते. या द्रव्याचे अवशेष विष्ठेंत उतरतात. ती ताजी गोळा करून तपासली कीं, प्राण्यास स्पर्शही न करितां त्याची अवस्था कळते. हैदराबादच्या पेशीय व रेणवीय जीवशास्त्र केंद्रांत अशी तपासणी होते.

राजस्थानांतील सरिस्का येथें चोरट्या शिकारीनें वाघ निःशेष झाले होते. २००८ पासून रणथंबोरचे वाघ तेथें आणून सोडण्यांत आले. हजेरी भरली, पण पाळणा हलेना. पहिले बछडे २०१२ मध्यें दिसले. विष्ठा तपासतां त्या वाघांच्या ताणाचा संबंध माणसांच्या वर्दळीशीं आढळला. पुढें कान्हा व बांधवगड येथील वाघांचा अभ्यास २०१९ मध्यें प्रसिद्ध झाला. तेथें जंगल प्रवाशांस बंद असतांना ताण कमी, व खुलें असतांना अधिक. मोटारी वाढल्या तसा ताणही वाढलेला.

असो. सुट्टींत मुलाबाळांसह वाघ पाहून आलेल्या मंडळींस आम्ही आतां "किती दिसले?" असें विचारीत नाहीं. "भोंवतीं मोटारी किती होत्या?" असें विचारतों.