पाबळची प्रयोगशाळा

चाकणच्या तळेगाव चौकात कंटेनरच्या रांगेत अडकलेल्या माणसाला आपण संशोधनाच्या पट्ट्यात उभे आहोत, असं वाटणं कठीण. पण आहोत खरे. १९६६ साली टेल्कोने, म्हणजे आजच्या टाटा मोटर्सने, कंपनीचे प्रमुख सुमंत मुळगावकर यांच्या आग्रहामुळे पुण्यात स्वतःचं अभियांत्रिकी संशोधन केंद्र काढलं. वाहनांच्या चाचण्या आणि संशोधन करणाऱ्या ‘एआरएआय’ या संस्थेचा जन्मही त्याच वर्षीचा. १९९८ ची इंडिका मोटार टेल्कोच्या केंद्रातून घडली. बाह्यरूपाला इटलीच्या आयडिया संस्थेचा हात लागला. पुढे चाकणला फोक्सवॅगन आली, मर्सिडीज आली. त्यांच्या गाड्यांचे मोठे निर्णय मात्र बहुतेक परदेशातच होतात. चिंचवडच्या ऑटो क्लस्टरमध्ये छोट्या कारखानदाराला पैसे भरून धातूची चाचणी करता येते, नमुना भाग बनवून घेता येतो. सोय उत्तम. पण तिथे येणारा बहुतेक वेळा मोठ्या कंपनीने हातात दिलेलं ड्रॉइंग घेऊनच येतो.

गावच्या प्रश्नावर गावात बसून संशोधन करणारा गट पाहायचा, तर चाकण, राजगुरुनगर ओलांडून शिरूर तालुक्यातल्या पाबळला जावं लागतं. मस्तानीची समाधी असलेलं हेच ते पाबळ. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी अमेरिकेत डॉक्टरेट केली होती आणि हिंदुस्थान लिव्हरच्या मुंबईतल्या संशोधन केंद्रात ते वरिष्ठ जागेवर होते. ती नोकरी सोडून १९८३ मध्ये त्यांनी या अवर्षणग्रस्त गावात विज्ञान आश्रम सुरू केला. पाठीशी पुण्याची भारतीय शिक्षण संस्था होती.

शाळा सुटलेली मुलं इथे वर्षभर राहून मूलभूत ग्रामीण तंत्रज्ञानाची पदविका करतात. वेल्डिंग, वायरिंग, शेती-जनावरं, रक्त-पाण्याच्या तपासण्या असं सगळंच हाताने शिकायचं. यातली ग्यानबाची मेख अशी, की सराव म्हणून काही करायचं नाही. गावाला हवं ते करायचं आणि त्याचे पैसे घ्यायचे.

भूजलाचं उदाहरण घ्या. जमिनीत एका ओळीत चार सळ्या ठोकायच्या. बाहेरच्या दोन सळ्यांमधून वीज सोडायची, आतल्या दोन सळ्यांमधला विजेचा दाब मोजायचा. सळ्यांमधलं अंतर वाढवत नेलं, की मापन खोल जातं. अभंग काळा कातळ विजेला जास्त विरोध करतो. झिजलेला, पाणी धरलेला थर कमी. या आकड्यांवरून विहीर कुठे खणायची, याचा अंदाज सांगायचा. अंदाज चुकला तर शेतकऱ्याचे पैसे खड्ड्यात जातात आणि तो जाब विचारायला येतो. शोधनिबंध तपासणाऱ्या तज्ज्ञापेक्षा हा परीक्षक कडक, असं माझं मत आहे.

जुन्या जीपचे भाग वापरून केलेला ‘मेकबुल’ हा छोटा ट्रॅक्टर इथलाच. लोखंडी त्रिकोण जोडून उभी केलेली ‘पाबळ डोम’ घरंही इथलीच.

अशा ठिकाणी २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक नील गर्शेनफेल्ड आले आणि एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या यंत्रांनी हवी ती वस्तू बनवण्याची कार्यशाळा, पाबळला सुरू झाली. या पाहुण्यांना कलबागांनी कामं नेमून दिली ती इथलीच: डिझेल इंजिनाचं टायमिंग लावायला स्वस्तातलं यंत्र हवं, दुधाची प्रत जागेवर कळायला हवी. इंधन वेळेवर फवारलं गेलं नाही, की पंपाचं इंजिन काळा धूर ओकतं आणि डिझेल फुकट जातं. शेतकऱ्याला हे दिसतं, पण ते मोजून दाखवणारं साधन परवडत नाही. कलबाग २००३ मध्ये गेले, लॅब चालू राहिली.

२००४ मध्ये घानातल्या ताकोराडीच्या तंत्रशाळेत अशीच लॅब निघाली. नैरोबीत २०१० मध्ये एरिक हर्समन यांनी आयहब हे तंत्रज्ञांचं केंद्र उभारलं आणि त्यात पुढे स्वतंत्र संशोधन गटही तयार झाला. नैरोबीचे विषय मोबाइल आणि इंटरनेटचे, पाबळचे पंप आणि दुधाचे. अडचण मात्र सारखीच. अनुदान देणाऱ्याला तीन वर्षांत दाखवण्याजोगं काही हवं असतं, आणि शिकून तयार झालेला पोरगा जास्त पगारावर निघून जातो.

पाबळने यावर काढलेली वाट मला शहाणपणाची वाटते: मुलगा जाणार, हे धरूनच चालायचं. त्याने आपल्या गावात फॅब्रिकेशनचं दुकान टाकलं तर उत्तमच. चाकणच्या एखाद्या शॉपफ्लोअरवर लागला, तरी तिथल्या सुपरवायझरला एक वर्ष फुकट शिकवलेला माणूस मिळतो. कंपन्यांनी त्या वर्षाच्या खर्चात वाटा उचलावा, असं मला वाटतं. पट्ट्यात रोज मोजल्या जाणाऱ्या नफ्यापुढे ती रक्कम किरकोळ ठरेल.