'.ऑर्ग'चा सौदा आणि बंद दार

इंटरनेटवरील पत्त्यांची जागतिक व्यवस्था पाहणारी 'आयकॅन' ही कॅलिफोर्नियात १९९८ साली स्थापन झालेली ना-नफा संस्था. ऑक्टोबर २०१६ मध्ये अमेरिकी सरकारने तिच्यावरची देखरेख सोडली. मग तिला जाब कोण विचारणार? उत्तर '.ऑर्ग'च्या प्रकरणात सापडते, तेही अर्धेमुर्धे.

जगभरच्या सेवाभावी संस्था '.ऑर्ग'ने संपणारे पत्ते वापरतात. या पत्त्यांच्या वार्षिक शुल्कवाढीवर १० टक्क्यांची मर्यादा होती. ती उठवण्याच्या प्रस्तावावर आयकॅनने सूचना-हरकती मागवल्या. तीन हजारांहून अधिक आल्या, बहुतेक विरोधात. तरीही जून २०१९ मध्ये मर्यादा उठली. हरकती मागवायच्या आणि फायलीत ठेवायच्या, हे आपल्याकडेही नवे नाही म्हणा! पाचच महिन्यांत '.ऑर्ग' चालवणारी संस्था 'एथॉस कॅपिटल' या खासगी गुंतवणूक कंपनीला ११३.५ कोटी डॉलरना विकण्याचा बेत जाहीर झाला. आयकॅनचे एक माजी प्रमुखच एथॉसचे सल्लागार निघाले, तेव्हा संशय बळावला.

लॉस एंजेलिसमध्ये आयकॅनच्या दारात निदर्शने झाली. कॅलिफोर्नियाच्या महाधिवक्त्यांनी विरोधाचे पत्र धाडले. ३० एप्रिल २०२० रोजी आयकॅनने सौद्याला संमती नाकारली. म्हणजे सौदा अडला तो लोकांच्या ओरडीने आणि राज्य सरकारच्या धाकाने. संस्थेच्या स्वतःच्या नियमांचे श्रेय त्यात थोडेच.

ते नियम कामी आले उशिरा. शुल्कमर्यादा उठवण्याविरुद्ध एका डोमेन विक्रेत्या कंपनीने आयकॅनच्याच नियमांत तरतूद असलेल्या स्वतंत्र पुनर्विलोकन मंडळाकडे दाद मागितली. बंद दाराआड चर्चा करून आयकॅनने पारदर्शकतेचे स्वतःचेच नियम मोडले, असा निवाडा डिसेंबर २०२२ मध्ये झाला. उठवलेली मर्यादा मात्र त्या निवाड्याने परत आली नाही.