पेन्शनीतले बिऱ्हाड परदेशात करावे काय?



नोकरीतून मोकळे झाल्यावर बिऱ्हाड कोठे करावे, हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. एके काळी भाविक माणूस उतारवयात काशीस जाऊन राही, आणि सरकारी चाकरीतून पेन्शनीत निघालेला गृहस्थ पुण्यास जागा शोधू लागे. हवा चांगली, स्वस्ताई बरी आणि बोलावयास समवयस्क मंडळी पुष्कळ, असा त्याचा हिशेब असे. आज अमेरिकेतील अनेक वृद्ध हाच हिशेब मांडीत आहेत. फरक इतकाच की, त्यांचे पुणे देशाच्या सीमेपलीकडे आहे. मेक्सिकोतील चापाला सरोवराचा काठ, कोस्टा रिका, पनामा, पोर्तुगाल ही नावे त्यांच्या बोलण्यात वारंवार येतात. बडोदे, इंदूर, बेळगाव येथील कितीतरी घरांतील मुले-भावंडेही परदेशी नोकऱ्या करून आता साठी गाठीत आहेत. तेव्हा हा हिशेब आपणही समजून घेणे अगत्याचे आहे.

प्रथम त्याची जमेची बाजू पाहू. घरभाडे, भाजीपाला, घरकामास माणूस, डॉक्टरची फी या साऱ्या बाबी त्या देशांत अमेरिकेहून पुष्कळ स्वस्त पडतात. कोस्टा रिका आणि पनामा येथे दरमहा निदान १,००० डॉलरची आजन्म पेन्शन दाखविणाऱ्यास राहण्याचा परवाना मिळू शकतो. कोस्टा रिकातील सामाजिक विमा संस्था १९४१ साली स्थापन झाली. परवाना घेऊन राहणाऱ्या परदेशीयास तिची वर्गणी भरावी लागते, आणि मग तिच्या रुग्णालयांत त्यास उपचार मिळतात. अमेरिकेची सामाजिक सुरक्षा पेन्शनही तेथील नागरिकास बहुतेक सर्व देशांत पोचती होते. येथवर सारे सुरळीत दिसते.

परंतु पेन्शन माणसाच्या मागोमाग येते, औषधोपचाराचा हक्क मात्र येत नाही. अमेरिकेत १९६५ साली कायदा होऊन वृद्धांसाठी ‘मेडिकेअर’ नावाचा सरकारी विमा सुरू झाला. वयाच्या ६५ व्या वर्षापासून त्याचा लाभ मिळतो. पण काही थोडे अपवाद सोडल्यास देशाबाहेरील उपचारांचा खर्च हा विमा देत नाही. मग परदेशी राहणाऱ्याने त्याचा हप्ता का भरावा? पुष्कळांना असेच वाटते, आणि डॉक्टरी उपचारांचा जो दुसरा भाग आहे तो ते घेत नाहीत. पुढे हृदयाचे दुखणे उद्भवले, मायदेशी परतावेसे वाटले, म्हणजे या काटकसरीची किंमत कळते. उशिराच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे हप्ता शेकडा १० ने वाढतो. पाच वर्षे उशीर झाला तर दीडपट हप्ता, आणि तोही विमा असेपर्यंत कायम! पाच वर्षांत वाचविलेली रक्कम एका पारड्यात आणि हा वाढीव हप्ता दुसऱ्यात टाकून तोलल्यावाचून निर्णय करू नये.

येथे एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. अंथरुणाला खिळलेल्या माणसास न्हाऊ-जेवू घालण्याची दीर्घकालीन शुश्रूषा मेडिकेअरही देत नाही. अशा वेळी जेथे मदतनीस परवडतो तो देश खरोखरच सोयीचा ठरतो. मात्र सर्वांनाच दार उघडे असते असे नाही. मेक्सिकोच्या सामाजिक विम्यात परदेशीयास स्वेच्छेने नाव घालता येते. पण कर्करोगासारखे काही आजार आधीच जडले असतील तर प्रवेश मिळत नाही. म्हणजे ज्याला विम्याची गरज अधिक, त्यालाच तो दुर्लभ.

ब्रिटनची तऱ्हा निराळी आहे. तेथील सरकारी पेन्शन दरसाल वाढते, परंतु पेन्शनर भारतात, कॅनडात किंवा ऑस्ट्रेलियात राहू लागला की ती आहे त्या आकड्यावर गोठते. २००० साली पूर्ण मूळ पेन्शन आठवड्यास ६७.५० पौंड होती. २०२४ च्या एप्रिलपासून ती १६९.५० पौंड झाली. २००० साली पेन्शन घेऊन भारतात येऊन राहिलेल्या गृहस्थास मात्र आजही जुनाच आकडा मिळतो. लेस्टरहून बडोद्यास परतू पाहणाऱ्याने हा फरक आधी कागदावर मांडावा.

मायदेशी परतणाऱ्या आपल्या मंडळींनी आणखी दोन गोष्टी ध्यानी घ्याव्यात. परदेशी नागरिकत्व घेतलेल्यास ओसीआय कार्डावर येथे आजन्म राहता येते, पण शेतजमीन विकत घेता येत नाही. दुसरे असे की, येथे नवा आरोग्य विमा उतरविल्यास पूर्वीपासूनच्या आजारांसाठी तीन वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. म्हणून विम्याची चौकशी सामान बांधण्याच्या पुष्कळ आधी करावी.

शेवटचा प्रश्न आकड्यांत सर्वस्वी मावत नाही. बिऱ्हाड दोघांचे असते. त्यांतील एकजण मागे राहणार, हे ठरलेले. अमेरिकेत पती-पत्नी दोघांना पेन्शन असेल तर एकाच्या मृत्यूनंतर दुसऱ्यास दोहोंपैकी मोठी तेवढी मिळते, दोन्ही नव्हेत. घरभाडे मात्र निम्मे होत नाही. त्या दिवशी परक्या भाषेच्या गावात, तुटपुंज्या मिळकतीवर, रात्री रुग्णालयात सोबत कोण येईल? या प्रश्नाचे उत्तर दोघांनी एकत्र बसून, प्रकृती धडधाकट असतानाच शोधावे.

यास्तव विचारी माणसाने राहते घर एकदम विकू नये. नव्या गावी निदान एक वर्ष भाड्याने राहावे. तेथील सर्वांत वाईट ऋतू काढावा. जवळच्या रुग्णालयापर्यंतचा रस्ता स्वतः पाहून घ्यावा. परतीच्या विम्याचा हप्ता चालू ठेवावा आणि तोही खर्चात धरूनच स्वस्ताई मोजावी. एवढे करूनही हिशेब जमला, तर खुशाल जावे. न जमला, तर एका वर्षाच्या भाड्यात मोठे नुकसान टळले, असे समजावे.