चलच्चित्र फुटतें, तेव्हां दोष कोणाचा ?

शाळेचें स्नेहसंमेलन, घरचें लग्नकार्य, आजोबांचा वाढदिवस, असे प्रसंग हल्लीं घरोघरीं मोबाईलवर टिपले जातात. पुढें तेच संगणकावर पाहावयास बसलें असतां कधीं आवाज येतो पण पडदा काळाच राहतो. कधीं सर्वत्र हिरवा रंग पसरतो. तर कधीं माणसांच्या चेहऱ्यांचे चौकोनी ठोकळे होऊन ते पडद्यावर वाहूं लागतात. "फाईल बिघडली" असा निकाल देऊन पुष्कळ मंडळी ती पुसून मोकळी होतात. हा निकाल घाईचा आहे. फाईल अगदीं धड असून ती वाचणाराच चुकत आहे, असें अनेक वेळां घडतें. आणि पुसून टाकलेला प्रसंग तर पुन्हां घडत नाहीं. म्हणून दोष फाईलींत आहे कीं वाचणाऱ्यांत आहे, हें कसें ओळखावें, तें येथें सांगावयाचें आहे.

प्रथम एक लहानसा हिशेब करूं. पडद्यावरील एक चित्र १९२० बिंदु रुंद व १०८० बिंदु उंच आहे असें समजा. प्रत्येक बिंदूच्या रंगास ३ बाइट धरिले, तर एका चित्रास ६२,२०,८०० बाइट लागतात. सेकंदास २५ चित्रें या मानानें तासाभराच्या चलच्चित्रास सुमारें ५६० अब्ज बाइट झाले ! एवढा पसारा मोबाईलमध्यें कोठून मावणार ? म्हणून तो संकेतांत आवळून सांठवितात आणि दाखवितांना त्या संकेतांचा उलगडा करितात. आवळण्याच्या व उलगडण्याच्या रीतीस 'कोडेक' म्हणतात. अशा रीती अनेक आहेत. एच.२६४ ही २००३ सालीं, एच.२६५ ही २०१३ सालीं व एव्ही१ ही २०१८ सालीं प्रसिद्ध झाली.

फाईलीच्या नांवापुढें 'एमपी४' अशीं जीं अक्षरें असतात, तें कोडेकचें नांव नव्हे. तो नुसता लखोटा होय. दोन लखोटे बाहेरून सारखे असावेत, पण एकांतील पत्र बाळबोध लिपींत व दुसऱ्यांतील मोडींत असावें, तसा हा प्रकार आहे. बाळबोध तेवढी जाणणाऱ्यास मोडी पत्र वाचतां आलें नाहीं, म्हणून तें पत्र फाटकें ठरत नाहीं. २०१७ पासून नव्या आयफोनवर एच.२६५ ही रीत वापरली जाऊं लागली. तें चित्र जुन्या संगणकावर नेलें कीं आवाज ऐकूं येतो आणि चित्र मात्र दिसत नाहीं. कारण आवाजाचा कोडेक निराळा असतो, व तो त्या संगणकास ठाऊक असतो.

यावर सोपा उपाय म्हणजे बहुतेक लिप्या जाणणारा प्रोग्राम घेणें. असा एक प्रोग्राम व्हीएलसी होय. पॅरिस येथील एकोल सांत्राल या संस्थेंतील विद्यार्थ्यांनीं १९९६ सालीं तें काम आरंभिलें व २००१ पासून तें सर्वांस विनामूल्य खुलें झालें. विद्यार्थ्यांच्या हातून केवढें काम होऊं शकतें, हें येथें जातां जातां आमच्या वरच्या वर्गांतील मुलांनीं ध्यानांत घ्यावें. त्यांतील 'टूल्स' या यादींत 'कोडेक इन्फर्मेशन' उघडलें कीं लखोट्याच्या आंत कोणती लिपी आहे, तें कळतें. तपासाची सुरुवात येथूनच करावी.

आतां वाहत्या ठोकळ्यांकडे वळूं. या विषयांतील खरी गंमत येथेंच आहे. आवळतांना प्रत्येक चित्र पूर्णपणें लिहीत नाहींत. मधूनमधून एक चित्र संपूर्ण लिहितात आणि त्यानंतरच्या चित्रांत फक्त फरक नोंदवितात : "मागील चित्रांतील अमुक चौकोन इतका डावीकडे सरकला, तमुक जागीं थोडा उजेड वाढला." आतां मूळचें संपूर्ण चित्रच हरवलें अथवा चुकीचें उलगडलें, तर पुढील सर्व आज्ञा भलत्याच चित्रावर बजावल्या जातात. नाचणाऱ्या मुलीचा हात हलावयाचा, त्याऐवजीं मागच्या भिंतीचे तुकडे हाताच्या आकारानें हलूं लागतात ! दुसरें संपूर्ण चित्र आलें कीं सर्व कांहीं आपोआप साफ होतें. म्हणून दोन-चार सेकंदांत चित्र स्वच्छ होत असेल, तर तेवढाच एक तुकडा वाया गेला असें समजावें. बाकीची फाईल धड आहे.

हिरव्या रंगाचेंही कारण मोठें मनोरंजक आहे. संकेतांत तांबडा, हिरवा व निळा असे रंग लिहिलेले नसतात. एक आंकडा तेजाचा व दोन रंगांचे असतात. रंगांचे आंकडे ० पासून २५५ पर्यंत असून १२८ म्हणजे कोणताच रंग नाहीं. उलगडणाऱ्यानें कांहींच लिहिलें नाहीं, तर तिन्ही जागीं शून्य राहतें. रंगाच्या जागीं शून्य म्हणजे निळ्यापासून आणि तांबड्यापासून शक्य तितकें दूर. मग उरतो तो हिरवा. तेव्हां हिरवा पडदा म्हणजे बहुतकरून कोरी पाटी होय.

ही पाटी कोरी कोणी ठेविली ? उलगडण्याचें काम दोघे करूं शकतात. एक संगणकाचा मुख्य प्रोसेसर, जो प्रोग्राममधील सूचनांप्रमाणें सावकाश पण कोणतीही रीत हाताळतो. दुसरी चित्रांसाठीं असलेली खास चिप, जी फार वेगवान, पण ठराविक रीतीच जाणते. या चिपच्या 'ड्रायव्हर'मध्यें, म्हणजे तिला चालविणाऱ्या प्रोग्राममध्यें, दोष असला तर हिरवा पडदा वा फुटकें चित्र येतें. परीक्षा सोपी आहे. व्हीएलसीच्या 'टूल्स'मधील 'प्रेफरन्सेस'मध्यें 'इनपुट-कोडेक्स' हा भाग उघडावा. 'हार्डवेअर-ॲक्सिलरेटेड डिकोडिंग' यापुढें 'डिसेबल' निवडून 'सेव्ह' करावें व फाईल नव्यानें लावावी. चित्र सुधारलें, तर फाईल निर्दोष; चिपचा ड्रायव्हर नवा घ्यावा. एका वेळीं एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलून चित्र सुधारलें, तर गुण कशाचा आला तें कळत नाहीं.

चित्र शुद्ध आहे पण अडखळत चालतें, ही तक्रार अगदीं वेगळी. तेथें उलगडा बरोबर होतो, पण वेळेवर होत नाहीं. आंकडेवारीच्या पानावर 'लॉस्ट' पुढील संख्या वाढत असेल तर हेंच कारण समजावें, आणि तेव्हां ती वेगवान चिप बंद न ठेवतां चालू करावी.

दोन्ही रीतींनीं त्याच सेकंदास चित्र फुटत असेल, तर मात्र संशय फाईलीकडे वळतो. तरीही दुसऱ्या प्रोग्रामची साक्ष काढतांना सावध असावें. २००० सालीं सुरू झालेल्या 'एफएफएमपेग' या प्रकल्पाचा उलगडणारा भाग व्हीएलसी व इतर अनेक प्रोग्राम वापरतात. म्हणजे साक्षीदार दोन, पण घर एकच! याहून चांगली साक्ष म्हणजे ज्या मोबाईलवर चित्र घेतलें त्यावरच तें पाहणें. तेथें धड दिसलें, तर नक्कल तपासावी. मूळ फाईलीचे व नकलेचे बाइट मोजून पाहावेत. पेनड्राईव्ह घाईनें उपटला असला, तर नक्कल अपुरी राहते. ती टाकून नवी करावी.

चित्र घेतां घेतां बॅटरी संपली, तर निराळाच प्रकार होतो. एमपी४ फाईलींत कोणतें चित्र कोठें आहे याची अनुक्रमणिका असते, आणि पुष्कळ कॅमेरे ती सर्वांत शेवटीं लिहितात. ती लिहिण्यापूर्वींच वीज गेली, तर फाईल मोठी असूनही उघडतच नाहीं. आंतील चित्रें मात्र बहुतेक तशींच असतात. त्याच कॅमेऱ्यानें, त्याच मांडणीवर घेतलेली एखादी धड फाईल नमुना म्हणून दिली, तर अनुक्रमणिका नव्यानें जुळवूं पाहणारे प्रोग्राम आहेत. त्यांना यश नेहमींच येतें असें नाहीं. म्हणून प्रयोग नकलेवर करावा, आणि मूळ फाईल ज्या कार्डावर आहे, त्या कार्डावर तोंवर दुसरें कांहींही टिपूं नये.